खाल्लेली मरळ

“परवा खाल्लेली मरळ उद्या दरबारात जिवंत हजर करा, नाहीतर भातशेत सरकारजमा!”

शिपाई हुकूम वाचून गेला आणि सोनूकाका बांधावरच मटकन बसला. एवढं एकच शेत होतं त्याचं.

गुन्हा काय, तर पुतणी येसू चार दिवस माहेरपणाला आली होती. पाऊस ओसरला, की नदीतून शेतात चढलेले मासे पाण्याबरोबर उतरू लागतात. काका-पुतणीने बांधाच्या तोंडाशी मासे अडकवायची बांबूची खोइन लावली. हातभर मरळ अडकली आणि दिवेलागणीनंतर घरादाराने तिचं झणझणीत कालवण चापलं. वास दरवळत नदीवर गेला. तिथे राजा वीरधवल चांदीचा गळ टाकून बसला होता. तीन महिने रोज बसत होता! माशांना त्याचा काडीचा वचक नव्हता. त्या वासाने त्याचं डोकंच फिरलं.

“काका, मी येते संगती. तू नुसता हात जोडून उभा राहा,” येसू म्हणाली.

दरबारात राजा गरजला, “मरळ कुठंय?”

“महाराज, ती मरळ तुमचीच होती ना?” येसूने विचारलं.

“अर्थात! नदी माझी, नदीतला मासा माझा. फिरत कुठंही जाईना का, मालक मीच!”

“आषाढापासून आमच्या शेतात हिंडत होती, तरी तुमचीच?”

“माझीच! शंभरदा सांगू?”

“नको, एकदाच पुरे. दिवाणजी, लिहून घ्या!”

दिवाणजींनी लिहिलं. राजा खूश होऊन मिशीला पीळ देऊ लागला.

“आता तुमचाच कायदा ऐका, महाराज. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर ते अडकवायचं. मालकानं दिवस मावळायच्या आत स्वतः येऊन, माफी मागून सोडवून न्यायचं. नाही आला, तर जनावर रानवाल्याचं. सरकारी कुरणात शिरली म्हणून काकाची म्हैस तुम्ही अशीच ठेवून घेतलीत! आम्हीही तुमची मरळ अडकवली आणि सूर्य मावळेस्तोवर वाट बघितली. तुम्ही हाकेच्या अंतरावर बसला होता, पण आला नाहीत. मग मरळ आमची झाली. आमची मरळ आम्ही खाल्ली!”

“मासा म्हणजे काय म्हैस आहे?” राजा ओरडला. “त्याला बांध कुठला कळतो?”

“म्हशीला तरी कुठं कळला होता, महाराज?”

दिवाणजींनी हसू दाबायला उपरणं तोंडात कोंबलं.

“आणि तुमची अजून बरीच गुरं आमच्या चिखलात आहेत,” येसू थांबेचना. “दिवस मावळायला अवकाश आहे. सुरवार गुडघ्यावर घ्या, एकेकाला हाक मारा आणि न्या घरी. कुणी ओळख दाखवली तर!”

राजाने आपल्या पांढऱ्याशुभ्र सुरवारीकडे पाहिलं. चिखलात उभं राहून माशांना हाका मारणारा राजा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तो खो खो हसत सुटला.

“शेत काकाचं, त्यातले मासे काकाचे, म्हैसही परत! आणि येसू, तुला वाड्यामागचं तळं बक्षीस!”

“माशांसकट?” येसूने लगेच विचारलं.

“सकट, बाई, सकट!” राजाने हात जोडले. “नाहीतर उद्या गुरं सोडवायला मलाच तळ्यात उतरवशील!”