बर्फ झाडणारा ससा

खरे तर ही गोष्ट मी कुणाला सांगायची नव्हती. ज्या सशाची ही गोष्ट आहे, त्याची चूक चारचौघांत सांगू नये, असे माझ्या आत्याने मला बजावले होते. आत्या हिमाचलात राहते, तिथल्या रानातल्या गोष्टी तिला ठाऊक असतात. पण सशाचे शेवटी बरेच झाले, म्हणून तुम्हांला हळूच सांगते.

उंच डोंगरावरच्या देवदारांच्या रानात प्रत्येक प्राण्याचा एकेक वाफा होता आणि वाफ्याला लागूनच त्याचे घर होते. त्या रानाची रीत कडक होती. हिवाळा संपून बर्फ वितळले, की सगळे मिळून वाफे पाहायला निघत. ज्याच्या वाफ्यात एकही रोप जिवंत नसेल, त्याने वाफा आणि घर दोन्ही सोडून जायचे. त्या वर्षी खालच्या उबदार मुलुखातून एक ससा तिथे नवीन राहायला आला होता. त्याच्या वाट्याला स्ट्रॉबेरीची बारा रोपे असलेला वाफा आला. स्वतःचे म्हणावे असे हे त्याचे पहिलेच घर.

शेजारच्या गुहेत एक म्हातारी अस्वलीण राहत असे. थंडी पडू लागताच तिने देवदाराची वाळलेली पाने आणून आपल्या वाफ्यावर जाड पसरली. सशाने तिला विचारले, की हिवाळ्यात रोपांची काळजी कशी घ्यायची. तिने मोठी जांभई दिली आणि म्हणाली, "पांघरूण घाल, बाळा, आणि स्वस्थ बस." एवढे बोलून ती गुहेत जाऊन झोपली, ती थेट वसंतापर्यंत.

सशाला हा सल्ला आळशाचा वाटला. त्याच्या मुलुखात पहाटे उठून वाफा झाडायचा, माती खुरपायची आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, अशीच पद्धत होती. त्याने वाफ्यावर पडलेले पान न् पान वेचून टाकले. पहिले बर्फ पडले तेव्हा तर तो घाबरलाच. इवल्या रोपांवर एवढा गारठा कसा राहू द्यायचा? त्याने देवदाराच्या डहाळीने सगळे बर्फ झाडून काढले. मग रोज तेच सुरू झाले. एक कोल्हा येता-जाता थांबे आणि म्हणे, "वा, ससेबुवा! तुमचा वाफा कसा लख्ख दिसतो. म्हातारीचा बघा, नुसता उकिरडा." ससा खूश होई आणि आणखी जोराने झाडू लागे.

पण रोपांची पाने काळी पडत चालली. ससा रडकुंडीला आला. आपलीच मेहनत कमी पडते आहे असे समजून तो जास्त खुरपू लागला, जास्त पाणी घालू लागला. नवव्या दिवशी त्याच पाण्याची गोठून काच झाली होती. त्यावरून तो घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. आता बिळाबाहेर पडणेही जमेना. वर बर्फ साचत राहिले, हातभर, दोन हात. ससा आत पडून रोज एकच विचार करी, की आपली रोपे गाडली गेली, आता घरही गेले. कोल्ह्याने तर बिळाच्या तोंडाशी येऊन बजावले, की वसंतात आपण इथे राहायला येणार, सामान बांधून ठेवा.

बर्फ वितळले. सगळे प्राणी सशाच्या वाफ्याभोवती जमले. वाफ्यात काळ्या, चिखलात चिकटलेल्या पानांखेरीज काही दिसत नव्हते. कोल्ह्याने आपल्यासाठी वाफा मागून टाकला. ससा मान खाली घालून उभा होता. इतक्यात अस्वलीण डोळे चोळत आली. तिने एका नखाने एका रोपाच्या बुडाशी हळूच माती सारली. आत मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा कोंब होता. तिने दुसरे रोप पाहिले, मग तिसरे. बारांपैकी पाच जिवंत निघाली.

"गेली ती उघड्यावर गारठून गेली," सशाकडून सगळी हकिकत ऐकून ती त्याला म्हणाली. "राहिली ती तुझा पाय मुरगळला म्हणून राहिली. बर्फ हेच त्यांचे पांघरूण असते, वेड्या."

सगळे हसले, ससाही हसला. घर त्याचेच राहिले. कोल्हा निघून गेला. सशाने लगेच पाणी आणायला धाव घेतली, पण चार उड्या मारून तो थांबला, परत आला आणि त्या पाच कोंबांशेजारी उन्हात नुसता बसून राहिला.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्यासाठी सतत काहीतरी करत राहणे सोपे असते, त्याची गरज ओळखून हात आवरणे अवघड असते, आणि तीही काळजीच असते.

आणि मुलांनो, तुमच्या कुंडीतले एखादे रोप हिवाळ्यात सुकल्यासारखे दिसले, तर ते उपटून टाकण्याआधी बुडाशी जरा माती बाजूला करून बघा, कारण कदाचित... आले गं आई, एवढे एकच वाक्य लिहिते आणि...