धावत्या पायऱ्या

या, या, असे पुढे या. चपला तिथं वडाखाली ठेवा आणि डावा हात भिंतीवर असू द्या. वरच्या एकवीस पायऱ्यांना काही भीती नाही, डोळे मिटून उतरलात तरी चालेल. पुढच्या सतरा मात्र बघून. त्यांना आम्ही धावत्या पायऱ्या म्हणतो. एक वीतभर, दुसरी गुडघाभर, तिसरी तिरकी. त्यांच्याही खाली अकरा आहेत, त्या बुटक्या आणि ऐसपैस. एकाच माणसानं एकाच छिन्नीनं केलेल्या आहेत सगळ्या. फोटो नंतर काढा हो. आधी ऐका, मला आज जरा घाई आहे.

या गावात तेव्हा पाणी नव्हतं. रायाजी पाटलानं ही बारव, म्हणजे ही पायऱ्यांची विहीर, खणायला घेतली आणि पायऱ्यांसाठी खेमा नावाचा पाथरवट आणला. हा खेमा म्हणे आधी दुसऱ्या एका गावी तीन वर्षं विहिरीवर खपला होता. पाणी लागेना, तेव्हा एके सकाळी तिथल्या कारभाऱ्यानं त्याच्या हातावर एक कागद ठेवला आणि गावाबाहेर काढलं. तेव्हापासून खेमाच्या डोक्यात एकच बसलं होतं, की अक्षर आलं म्हणजे काम गेलं. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. इथं येताना त्यानं शपथ घेतली, की पाणी लागेपर्यंत डोक्याला मुंडासं बांधणार नाही.

एकवीस पायऱ्या झाल्या. पाणी नाही. गावातले लोक काठावर बसून टिंगल करायचे, खेमा पाताळात सासुरवाडीला चाललाय म्हणून. पाटलाचाही धीर सुटत चालला होता. आणि अशात एका सकाळी, नुकत्याच पुऱ्या झालेल्या पायरीवर खेमाला एक खापरी दिसली. फुटक्या घागरीचा तुकडा, त्यावर कोळशानं लिहिलेलं.

आला हुकूम, खेमाला वाटलं. कुणाकडून वाचून घ्यावं, तर हुकूम खरा ठरेल. म्हणून त्यानं ती खापरी पिशवीत लपवली आणि छिन्नी उचलली. कुणी हाकलायच्या आत पाणी गाठायचं, एवढंच आता त्याला सुचत होतं. पुढची पायरी संपली, पुन्हा खापरी. त्यापुढची संपली, पुन्हा. त्याला जेवण जाईना. दगडाची नस बघायची, ओळंबा धरायचा, सगळं सुटलं. तुम्ही आत्ता उभे आहात ना, ही धावत्यांतली नववी. हात लावून बघा, घाव कसे पडलेत. माणूस घाबरला की असं काम करतो. मला फार वाईट वाटतं ही पायरी बघून, रोज बघतो तरी.

अशा सतरा खापऱ्या आल्या. मग सतरावी धावती पायरी पुरी झाली आणि तिच्यावर खापरी आली नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. तुम्ही म्हणाल, सुटला बिचारा. छे! आता तर त्याला बसवेना की उठवेना. सांगून झालं, आता धक्के मारून काढणार, असं त्याच्या मनानं घेतलं. शेवटी पिशवी उचलून तो पाटलाच्या ओसरीवर गेला आणि सगळ्या खापऱ्या ओतल्या.

"पाटील, तुमचं हुकूम हायती हे. वाचा आन येकदाचं सांगा, जाऊ का ऱ्हाऊ."

पाटील चकित झाला. काम थांबवायचं त्याच्या मनात होतं खरं, असं सांगतात, पण लिहिलं त्यानं काहीच नव्हतं. त्यानं पहिली खापरी उचलली आणि मोठ्यानं वाचली.

"कोपऱ्यावरून हात फिरवून पाहिला. कुठेही टोचलं नाही."

दुसरी वाचली. "आज काठावर तुमची टिंगल झाली. मला बोलता येत नाही, नाहीतर बोलले असते."

तिसरी खापरी उचलताना पाटलानं मान खाली घातली, कारण त्या टिंगलीत तोही हसला होता. तरी त्यानं वाचलं. पुढं होतं, "घाई का करता? पायऱ्या धावू लागल्या. वरची पायरी किती सुंदर होती!" आणि शेवटच्या खापरीवर, "दमला असाल. तरी थांबू नका."

खेमानं सगळ्या खापऱ्या परत पाटलापुढं सरकवल्या. म्हणाला, "पुन्हा वाचा." पाटलानं सतराच्या सतरा पुन्हा वाचल्या.

बोलता न येणारी आणि लिहिता येणारी गावात एकच होती, पंतोजींची मुलगी उमाई. बापानं धूळपाटीवर अक्षर शिकवलेलं. ती अंथरुणाला खिळली होती. सतरावी खापरी ठेवून वर येताना तिचा पाय याच पायऱ्यांवरून घसरला आणि मोडला. सरपटत ती कशीबशी परसापर्यंत पोचली, म्हणून घरच्यांना वाटलं, परसात पडली. खेमा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. मग एवढंच बोलला, "आक्का, मला अक्षर येत न्हाई. पन आता ऐकलं."

पाटलानं काम थांबवलं नाही. खेमानं धावत्या पायऱ्या तशाच ठेवल्या. माझी चूक आहे, दिसू द्या, म्हणाला. पण त्यांच्या बाजूनं भिंतीत ही खोबण कोरली, उमाईला धरायला. तुमचा हात आहे ना, तीच. आणि खालच्या अकरा पायऱ्या लंगडत्या पायाला झेपतील अशा घडवल्या. अकराव्या पायरीशी झरा फुटला. पहिली ओंजळ उमाईनं घेतली आणि खेमानं मुंडासं बांधलं.

आजही आमच्या गावात कुणाचं काम मनाला भावलं, की खापरीवर चार शब्द लिहून त्याच्या उंबऱ्यावर ठेवतात. नाव घालत नाहीत. लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही, ज्याला आली त्यानं वाचायची नाही. मास्तर असला तरी नाही. तिसऱ्यानं मोठ्यानं वाचायची.

बसा इथं, पाण्याशी. तुम्हाला इतकं घाईनं खाली आणलं, त्याची माफी करा. चाळीस वर्षं मी लोकांना या पायऱ्या उतरवतोय. गावातल्या कितीतरी खापऱ्या मी वाचून दाखवल्या. आज सकाळी माझ्या उंबऱ्यावर एक होती. पहिलीच. तेव्हापासून ती खिशात आहे, मजकूर आतल्या बाजूला करून. चहासुद्धा गेला नाही. खेमा का घाबरला, ते मला आज कळलं. गावातल्या कुणाला वाचायला द्यावी, तर नेमका तोच लिहिणारा निघायचा. म्हणून पाहुण्यांची वाट बघत होतो.

ही घ्या. जरा मोठ्यानं वाचा, मला उजव्या कानानं कमी ऐकू येतं.