जुवाखालून सुटलेला चंद्र

कोरंबीच्या टेकडीवर तेलाचा दगडी घाणा आहे. त्याच्याभोवतीच्या गोल वाटेवर गवताची काडी उगवत नाही. पाव्हणे येतात, फोटो काढतात, वाटेचं विचारतात. तर ऐका. शाळेत काही का शिकवेनात, आमच्याकडं पृथ्वी मधे बसलीये आणि सूर्य-चंद्र तिला फेरे घालतात. घाणा कधी फिरतो का? फिरतात ते बैल.

पूर्वी म्हणे सूर्य आणि चंद्र एकाच जुवाला होते. बरोबर उगवायचे, बरोबर मावळायचे. त्या झगमगाटात चंद्र कुणाला दिसायचाच नाही, आणि रात्र म्हणजे नुसती शाई.

तेव्हा इथं तुळसा तेलीण राहायची. तिच्या जोडीतला तांबड्या तरणा, ढवळ्या म्हातारा. ढवळ्या माहेरचा, लग्नात तिच्यामागून चालत आलेला. एक दिवस तिचा नवरा बाळोबा म्हणाला, "ढवळ्याला कातड्याच्या व्यापाऱ्याला देतो. अर्ध्यात बसकण मारतो."

"जेवल्यावर तुम्ही पण मारता की."

"बरं. अंधार पडायच्या आत आजची तिळाची घाणी निघाली, तर राहील. नाहीतर व्यापारी खाली बसलाच आहे."

तुळसानं ढवळ्याला सोडलं आणि त्याच्या जागी स्वतः जुवाखाली शिरली. पदराची घडी खांद्यावर घेतली आणि तांबड्याबरोबर चालायला लागली. ढवळ्या मोकळा होऊनही कुठं गेला नाही. सवयीनं मागून फेरे घालत राहिला, आपल्या चालीनं.

दुपारी म्हणे सूर्य डोक्यावर येऊन थबकला. "बैल मोकळा आणि बाई जुवाला, हे काय गं?"

"तो चालतो देवा. दुसऱ्याच्या चालीनं चालवत नाही त्याला, एवढंच." तुळसानं मान वर केली नाही. "तुमच्या जोडीदाराला विचारलंत का कधी?"

सूर्यानं पहिल्यांदा शेजारी बघितलं. चंद्राची नुसती हाडं राहिली होती. त्यानं जुवाची गाठ सोडली आणि पुढं निघाला.

तो मावळला तरी घाण्यात तेल बाकी होतं. बाळोबा दोरी घेऊन उठला. "पडला अंधार."

"कुठं?" तुळसा म्हणाली.

सूर्य गेला त्याच वाटेनं, मागं राहिलेली एक बारीक कोर चालली होती. तिच्या उजेडात बाळोबाला बायकोचा सोललेला खांदा दिसला. त्यानं दोरी टाकली, तिला बाजूला केलं आणि स्वतः जुवाला लागला. कोर बुडायच्या आत घाणी निघाली.

तेव्हापासून चंद्र रोज थोडा मागं पडतो. सूर्यापासून लांब गेला की निवांत चरतो, अंगानं भरतो. मग सूर्य फेरा मारून पाठीमागून जवळ येतो, तसा हा जुन्या धाकानं वाळत जातो. अवसेला दोघांची गाठ पडते. सूर्य त्याला जुंपत नाही, शेजारून नुसता पुढं निघून जातो.

आजही कोरंबीत अवसेला घाण्याला बैल लावत नाहीत. घरधनी जुवाला लागतो, म्हातारा बैल मागून चालतो, आणि बायका सावलीत बसून म्हणतात, "अहो, जरा पाय उचला. मागचा पुढं जाईल."