जाईचा पाऊस

"पण मास्तर, सहा वर्षांची पोर खोटं का बोलेल?"

दाऊद मास्तर पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होते. बाहेर श्रावणसर पडत होती. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठलं खोटं?"

"पावसाचं," प्रणिता म्हणाली.

प्रणिता तांडेल याच गावची. तिला मुळाक्षरं दाऊद मास्तरांनीच शिकवली होती. पुढे ती पुण्यात विज्ञान शिकली, पहिली आली, आणि या वर्षी हट्टानं आपल्याच गावच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला आली. मास्तर निवृत्त होऊन खाडीकाठच्या घरात एकटे राहत होते.

"मुलांना हवामान मोजायला शिकवते आहे," ती सांगू लागली. "सगळं हातानं केलेलं. काचेच्या बरणीवर फुगा ताणून हवेचा दाब बघतात, झाडूच्या हिराचा काटा केलाय. पुठ्ठ्याचा बाण वाऱ्याची दिशा दाखवतो. आणि पावसासाठी प्रत्येकाची एक बाटली. तोंड कापून उलटं बसवलेलं, बाहेरून कागदाची पट्टी, पट्टीवर बोटांच्या खुणा. पोरं बाटली घरी नेतात, सकाळी दोन्ही हातांत धरून न सांडता शाळेत आणतात. मी फळ्यावर आकडे मांडते."

"छान."

"तालुक्याच्या प्रदर्शनात ठेवणार आहे. पण ती जाई धुरी... सगळ्यांची तीन बोटं, तिची सात. सगळ्यांची दोन, तिची सहा. एकदा तर रात्री पाऊस लवकरच थांबला होता, तरी हिची बाटली भरलेली!"

"मग?"

"मग मी वर्गात सांगितलं, हे चूक आहे. तिच्या आकड्यावर लाल खडूनं फुली मारली. त्यानंतर बरोबर यायला लागलं. सगळ्यांसारखं. मी तिला शाबासकीसुद्धा दिली. मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या."

"मग तक्रार कसली?"

"आज सकाळी मी तिला शाळेमागे पाहिलं. दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे बघून ती आपलं पाणी ओतून टाकत होती. मोजून. सगळ्यांएवढं उरेपर्यंत." प्रणिताचा आवाज चढला. "इतक्या लहान वयात ही लबाडी, मास्तर! मी तिला विज्ञान शिकवते आणि ती..."

मास्तरांनी हातातली आठळी ताटलीत ठेवली.

"फुलीच्या आधी ओतत होती?"

"नाही. आधी का ओतेल?"

"मग ओतायला कुणी शिकवलं?"

...

सर थांबली. पागोळ्या तेवढ्या गळत राहिल्या.

"बाटली तू पाहिलीस?" मास्तरांनी विचारलं.

"रोज पाहते."

"कुठं?"

"शाळेत."

मास्तर उठले. खुंटीवरची छत्री काढली. पायात वहाणा सरकवल्या.

"कुठं निघालात?"

"तू बाटली पाहिलीस. मला पाऊस बघायचाय."

धुऱ्यांचं घर वाडीच्या टोकाला, वडाखाली होतं. पोचेपर्यंत पुन्हा सर आली. घरापुढच्या खळ्यात कुठं बाटली दिसली नाही. प्रणितानं मास्तरांकडे पाहिलं. बघा, मी सांगितलं नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

जाईची आई, सुगंधा, दारात आली. शाळेच्या बाई आणि मास्तर दोघांनाही पाहून ती गडबडली. पदरानंच तिनं पाट पुसला.

मास्तरांनी पडवीत छत्री मिटली आणि ते वाकून आत गेले. मागोमाग प्रणिता.

आत अंधार होता. चुलीपाशी ओला धूर. एका कोपऱ्यात सारं अंथरूण गोळा करून ठेवलेलं, त्यावर जाईचा धाकटा भाऊ झोपलेला. बाकी जमिनीवर टोप, तपेली, नारळाच्या करवंट्या. प्रत्येकात टप टप आवाज वेगळा.

आणि मधोमध, चुलीपासून दोन हातांवर, जाईची बाटली.

वरून एक धार सरळ तिच्या तोंडात पडत होती.

मास्तरांनी मिटलेली छत्री घरातच पुन्हा उघडली आणि प्रणिताच्या डोक्यावर धरली.

छत्रीवर पाणी वाजू लागलं.

"माकडांनी कौलां फोडल्यानी," सुगंधा खाली बघत म्हणाली. "ह्यांचा येणा गणपतीक. बोटीवर आसत. भर पावसात कोणाक चढाक सांगू? लोकांची आपापली कामां आसतत."

जाई आईच्या मागे उभी होती. प्रणिता खाली बसली.

"जाई, बाटली बाहेर का नाही ठेवलीस?"

जाईनं आधी आईकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मग हळूच म्हणाली, "तुमी सांगलात मा, पाऊस सरळ पडता थंय ठेवा. भायर वडाखाली पाऊस वाकडो पडता. हंय सरळ पडता."

प्रणिता वर त्या धारेकडे बघत राहिली.

पोरीला ते बघणं रागाचं वाटलं. तिनं डोळे पुसले.

"बाई, उद्या बरोबर आणतंय."

...

प्रणितानं तिला जवळ ओढलं. पोरीचे केस ओले होते. उशाशी गळत असणार. रोज सकाळी ही पोर त्या घरातून दोन्ही हातांनी बाटली सांभाळत यायची आणि आपण तिला विचारायचो, इतका पाऊस तू आणलास कुठून? विचारायचो, पण उत्तरासाठी थांबायचो नाही.

"नको," ती कशीबशी म्हणाली. "सगळं आण. जेवढं पडेल तेवढं सगळं."

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. प्रणिता आपल्या काकांना घेऊन आली. काका छपरांची शाकारणी करायचे. शिडी त्यांनी आतून लावली. शाळेच्या पडक्या न्हाणीवर जुनी कौलं होती, ती मुख्याध्यापकांनी दिली. वाडीतली चार माणसं न बोलावता आली. "सांगूचा नाय होय गो?" असं सुगंधेला रागावत एकानं कौलं झेलली, दुसऱ्यानं वाशाला टेकू दिला. प्रणिता शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहून खालची कौलं वर देत होती. तिची ओढणी धुरानं काळी झाली.

सुगंधेनं सगळ्यांना कोरा चहा दिला. काकांच्या हातात कप देताना तिला रडू फुटलं, आणि काका "चहात साखर जास्त पडली" असं काहीतरी पुटपुटत बाहेर गेले.

त्या रात्री पाऊस धो धो पडला.

सकाळी मुलं बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. पाच बोटं. पाच. साडेपाच. पाच.

जाईची पाळी आली. तिनं बाटली पुढे केली. बाटली कोरडी ठणठणीत होती.

पोरं हसली. एवढा पाऊस आणि हिच्या बाटलीत थेंब नाही! एकजण ओरडला, "बाई, हिचा चुकला!"

प्रणितानं पांढरा खडू घेतला आणि फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "जाईनं घरातला पाऊस मोजलाय. काल रात्री जाईच्या घरात पाऊस पडला नाही."

मागच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, "बाई, आमच्या घरात पडता. गोठ्याच्या बाजूक. मोजू काय?"

"मोज," प्रणिता म्हणाली. "उद्यापासून दोन बाटल्या. एक बाहेर, एक आत."

जाई शून्याकडे बघत होती. मधल्या सुट्टीत ती नाचत घरी पळाली. आईला ते कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

त्याच मधल्या सुट्टीत प्रणिता मास्तरांकडे आली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. मास्तर पडवीतच होते.

"वर्गातला एक मुलगा म्हणाला, आमच्या घरातही पाऊस पडतो. माझ्या आतेभावाचाच मुलगा तो," ती एका दमात म्हणाली. "दोन पावसाळे मी त्यांच्याकडे गेलेच नाही, मास्तर. संध्याकाळी जाते." ती थांबली. "शून्य मिळालं म्हणून नाचलेलं मूल मी आज पहिल्यांदा पाहिलं. आणि परवा तुम्ही उठला नसतात तर... मी त्या पोरीला अजून लबाडच म्हणत बसले असते."

मास्तर हसले.

शाळेची घंटा ऐकू आली. प्रणिता घाईघाईनं पाया पडायला वाकली.

दाऊद मास्तरांनी पाय मागे घेतले.

"हा नमस्कार इथं ठेवू नकोस, पोरी. शाळेत घेऊन जा, पोरांसाठी."