मिरीचं लाल दार

एक होती खोली. खोलीत एक भिंत. भिंतीच्या पायाशी चार बिळं. चार बिळांत चार उंदरांची घरं.

एका घरात राहायची मिरी. मिरीएवढे डोळे, म्हणून नाव मिरी.

मिरीचं घर बघायचंय? या आत.

भिंतीला शेंगांची टरफलं. हात लावा. खरखर, खरखर!
खाली कोंबडीचं पीस. बसा त्यावर. गुदगुदगुद!
कोपऱ्यात निळं बटण. बघा त्यात. चकचक!
आणि दार? दाराभोवती गेरूचा गोल. लाल लाल लाल!

हे सगळं कुणी केलं? मिरीने केलं. एकटीने.

एक दिवस आई म्हणाली, "मिरे, आज मावशी येणार!"

मिरीने उडी मारली. टुण्‌!

"तिला घर सापडेल ना गं?"

"सापडेल की. मी निरोप धाडलाय. लाल दाराचं घर!"

मावशी फक्त लाल दारातूनच आत यायची. कुणी हाक मारली तरी दुसरीकडे शिरायची नाही. कारण एकदा काय झालं? एका बिळातून हाक आली, "ये, ये, आत ये!" मावशी आत गेली. आत होता बेडूक. डराँव!

तेव्हापासून मावशी म्हणते, "लाल दार दिसलं, तर आत. नाही दिसलं, तर परत."

मिरी दार बघायला बाहेर आली. बघते तर काय!

तिचं लाल दार? पांढरं!
साळूबाईचं पिवळं दार? पांढरं!
दामूअण्णांचं हिरवं दार? पांढरं!
मिशाळकाकांचं दार तर पहिल्यापासून पांढरंच.

मिशाळकाका शेपटी चुन्यात बुडवून उभे होते. सप सप सप!

"काका! माझं दार!"

"छान दिसतंय की नाही?" काका म्हणाले. "एक लाल, एक पिवळं, एक हिरवं. काय तो गोंधळ! सगळी दारं सारखी हवीत."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी मोठा आहे."

आई हळूच म्हणाली, "असू दे गं, मिरे. काका मोठे आहेत."

"मोठे आहेत, म्हणून माझं दार पुसायचं?" मिरी म्हणाली. आणि निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

कोपऱ्यात होता गेरूचा खडा.

"गेरूआबा, गेरूआबा, माझं दार रंगवा ना!
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

गेरू म्हणाला, "मी कोरडा ठणठणीत. पाणी मला भिजवेल, तर मी दार रंगवीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

गेरूशेजारी होता माठ. माठ गळत होता. टप. टप. टप.

"पाणोबा, पाणोबा, गेरू भिजवा ना!
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

पाणोबा म्हणाले, "मी पडतो नि वाहून जातो. करवंटी मला धरेल, तर मी गेरू भिजवीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

माठाखाली होती करवंटी. पालथी पडलेली.

"करवंटीकाकू, करवंटीकाकू, पाणी धरा ना!
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

करवंटी म्हणाली, "मी अशी पालथी. पाठीवर पाणी धरू का? कोंबडी मला उलटवेल, तर मी पाणी धरीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

टोपलीत होती कोंबडी. अंड्यांवर बसलेली.

"कोंबडीताई, कोंबडीताई, करवंटी उलटव ना!
करवंटी पाणी धरेना,
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

"शूऽऽ! हळू बोल," कोंबडी म्हणाली. "मी उठले, तर अंडी गार पडतील. कापूस अंडी झाकेल, तर मी करवंटी उलटवीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!" मिरी म्हणाली. पण हळू आवाजात.

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

खिडकीखाली होता कापूस. मऊ मऊ ढीग. मिरी त्यातच पडली. भप्प! नाकात गेला कापूस. आक्‌छी!

"कापूसभाऊ, कापूसभाऊ, अंडी झाक ना!
कोंबडी करवंटी उलटवेना,
करवंटी पाणी धरेना,
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

कापूस म्हणाला, "मला काय पाय आहेत? वारा मला उडवेल, तर मी अंडी झाकीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी वर!

खिडकीबाहेर होता वारा. मिरीने फटीला तोंड लावलं.

"वारादादा, वारादादा, कापूस उडव ना!
कापूस अंडी झाकेना,
कोंबडी करवंटी उलटवेना,
करवंटी पाणी धरेना,
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

"सूंऽऽ!" वारा म्हणाला. "तू आत, मी बाहेर. खिडकी मला आत घेईल, तर मी कापूस उडवीन. नाहीतर नाही. तू थांब."

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

खिडकी तर तिथेच होती. मिरी नुसती वळली.

"खिडकीआत्या, खिडकीआत्या, वाऱ्याला आत घे ना!
वारा कापूस उडवेना,
कापूस अंडी झाकेना,
कोंबडी करवंटी उलटवेना,
करवंटी पाणी धरेना,
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

खिडकी म्हणाली, "मला सुतळीने बांधलंय. दिसत नाही का?"

मिरीने सुतळी चावली. कुट. कुट. आई गं! सुतळी जाड. मिरीचे दात केवढेसे!

"मिशाळकाकांचे दात मोठे आहेत," खिडकी म्हणाली. "काका सुतळी कुरतडतील, तर मी वाऱ्याला आत घेईन. नाहीतर नाही. तू थांब."

मिशाळकाका? ज्यांनी दार पुसलं, ते?

मिरीची शेपटी खाली गेली. पण जराशीच.

"थांबणार नाही! मावशी निघाली!"

तुरुतुरु, तुरुतुरु, शेपटी... वर!

मिशाळकाका चुन्याची शेपटी झटकत होते.

"काका, काका, सुतळी कुरतडा ना!
खिडकी वाऱ्याला आत घेईना,
वारा कापूस उडवेना,
कापूस अंडी झाकेना,
कोंबडी करवंटी उलटवेना,
करवंटी पाणी धरेना,
पाणी गेरू भिजवेना,
गेरू दार रंगवेना,
लाल दार दिसेना,
मग मावशी येईल का?"

"लाल दारासाठी? छे छे छे!" काका म्हणाले. "सगळी दारं सारखी हवीत. मी चाललो घरी. माझे शेंगदाणे वाट बघतायत."

काका निघाले. पांढऱ्या दारात शिरले.

"अहो काका!" आतून साळूबाई ओरडली. "पिल्लांची आंघोळ चाललीय!"

काका बाहेर. दुसऱ्या पांढऱ्या दारात शिरले. आत अंधार होता. काका मऊ गादीवर बसले.

"कोण बसलं माझ्या पोटावर?" दामूअण्णा ओरडले.

काका बाहेर. तिसऱ्या पांढऱ्या दारात शिरले. खरखर, खरखर!

"काका, हे आमचं घर," मिरीची आई म्हणाली. "आणि ते लाडू मावशीचे आहेत. हात नका लावू."

काका बाहेर. आता कुठलं पाहिलं? कुठलं राहिलं? सगळी पांढरी! काका पुन्हा एका दारात शिरले.

"अहो काका! परत?" साळूबाई ओरडली. आणि फेकलं की पाणी! फस्सक्‌!

काका ओले. काकांच्या मिशा ओल्या. पोटात भूक. गुर्रगुर्र.

"मिरे," काका म्हणाले, "माझं घर कुठलं गं?"

"कसं सांगू, काका? सगळी दारं सारखी आहेत की!"

काकांनी एक मिशी पिळली. मग दुसरी पिळली.

"कुठंय ती सुतळी?" ते म्हणाले.

आणि मग?

काकांनी सुतळी कुरतडली. कुर्र कुर्र कुर्र!
खिडकीने वाऱ्याला आत घेतलं. खटाक्‌!
वाऱ्याने कापूस उडवला. सूंऽऽ भुर्रर्र!
कापसाने अंडी झाकली. मऊ मऊ मऊ!
कोंबडीने करवंटी उलटवली. कॉक कॉक, टॉक!
करवंटीने पाणी धरलं. टप टप टप!
गेरूने करवंटीत उडी मारली. डुबुक्‌!
पाण्याने गेरू भिजवला. लाल लाल लाल!

पण खोलीच्या उंबरठ्यावर कोण आलं? मावशी! तिच्या पाठीवर गाठोडं.

मावशीने पहिलं दार बघितलं. "पांढरं."
दुसरं बघितलं. "पांढरं."
तिसरं बघितलं. "पांढरं."
चौथं बघितलं. "पांढरं. लाल दार नाही. चला परत."

"अगं, ये ना! हेच घर!" आईने हाक मारली.

"बेडूकही असंच म्हणाला होता," मावशी म्हणाली. आणि वळली.

मिरीने शेपटी गेरूत बुडवली. धावली. तुरुतुरुतुरुतुरु! दाराच्या एका बाजूने वर, सर्र! दुसऱ्या बाजूने खाली, सर्र!

"मावशी! एकदाच बघ!"

मावशीने मान वळवली. एवढीशीच.

लाल!

"अगंबाई! हे तर माझ्या मिरीचं घर!"

मावशी धावत आली. आत शिरली. भिंतीला हात लावला. खरखर, खरखर! पिसावर बसली. गुदगुदगुद! बटणात बघितलं. चकचक!

"हे घर कुणी सजवलं?"

"मी!" मिरी म्हणाली.

"तरीच. घर अगदी मिरीसारखं दिसतंय." मावशीने गाठोडं सोडलं. आत होता मखमलीचा तुकडा. मऊ मऊ, हिरवा हिरवा. मिरीने त्याचा पडदा केला.

मग बाहेर एकच धांदल. साळूबाईने हळद आणली. तिचं दार पिवळं झालं. दामूअण्णांनी पाला कुटला. त्यांचं दार हिरवं झालं. पिल्लांचे पाय पिवळे झाले, आणि सगळ्या जमिनीवर पिवळे ठसे उठले. ते कुणी पुसले नाहीत.

"काका, तुमचं दार कुठल्या रंगाचं करू?" मिरीने विचारलं.

काकांनी लाल बघितलं. पिवळं बघितलं. हिरवं बघितलं. खूप विचार केला.

"पांढरंच."

"पांढरंच?"

"पांढरंच. मला आवडतं."

मग काकांचं दार पांढरंच राहिलं. एक लाल, एक पिवळं, एक हिरवं, आणि एकच पांढरं. कसं उठून दिसलं! काका लांबून आले ते सरळ आपल्या घरात. आतून आवाज आला, कुडुम कुडुम कुडुम!

मिरीच्या घरातूनही आवाज आला. लाडवांचा. मटक मटक मटक!

आणि ही गोष्ट? ती पण शिरली बिळात. कुठल्या दारातून? लाल दारातून. तिची शेपटी तेवढी बाहेर राहिली. धरा पाहू!

तुरुतुरु, तुरुतुरु... गेली!