तपासनीस साहेबांची नाडी

शाळेच्या प्रयोगशाळेत तपासणीला आलेले घारपुरे साहेब चक्रावूनच गेले. "बाई, हृदयाचा धडा चाललाय आणि कापायला साधा बेडूक नाही? शाळेची मान्यताच काढून घेतो!"

विज्ञानाच्या ढवळेबाईंनी त्यांना अदबीनं खुर्ची दिली आणि एका मुलीला त्यांची नाडी धरायला सांगितलं. साहेबांना काही उमगेना. आपण तपासायला आलो की तपासून घ्यायला?

"हा काय पोरखेळ लावलाय?" ते कडाडले.

"बाई, नाडी केवढी पळायला लागली!" मुलगी म्हणाली.

"बघा साहेब," बाई म्हणाल्या, "रागावल्यावर हृदय कसं धावतं, ते मुलांना कळलं. कापलेल्या बेडकाला राग कुठून येणार?"

साहेब हात तसाच पुढे ठेवून पुटपुटले, "आता उतरतेय का बघ गं, पोरी."