होल्मारचा कलंडणारा बाक

चढलात का सगळे? मग टेका जरा. पण खाडिलकरकाका, त्या बाकावर नको. पडाल, आणि काकू मला बोल लावतील. नीट बघा त्याच्याकडे. एवढी लांब फळी, आणि पाय दोनच, तेही मधोमध एकमेकांना खेटून. पायांची टोकं फळीतून वर आलीत, एकावर मेंढीचं तोंड कोरलंय, दुसऱ्यावर मासा. हसताय, पण हे होल्मारच्या राज्याचं सिंहासन आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा मीही हसले होते. सासूबाई इथल्याच, कोळीवाड्यातल्या. त्यांनी मला हाताला धरून वर आणलं आणि जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

फार पूर्वी इथे राज्य नव्हतंच म्हणे. टेकडीवर मेंढपाळ, किनाऱ्यावर कोळी, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मेंढ्या खाली उतरून वाळत घातलेली जाळी तुडवायच्या, कोळी रागाने मेंढ्या ठेवून घ्यायचे. अशात शेजारच्या बलाढ्य राजाचा निरोप आला. तुमचा राजा सिंहासनावर बसलेला माझ्या दूताला दिसला तर ठीक, नाहीतर आज सूर्य मावळताच ही भूमी माझी.

मग काय, आले सगळे एकत्र. मेंढपाळांतला आयव्हर नावाचा समजूतदार गडी राजा ठरला. कोळ्यांनी माना डोलावल्या, पण मनापासून नाही. सिंहासन दोघांनी मिळून करायचं, एक पाय यांचा, एक त्यांचा. बाकाचे पाय दोन टोकांना असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मधल्या जागेचा मान कोण सोडणार? भांडता भांडता दुपार उलटली आणि शेवटी दोन्ही पाय मध्येच ठोकले. असला शहाणपणा आमच्याच माणसांना सुचतो, असं सासूबाई म्हणायच्या.

दूत आला. आयव्हर मुकुट घालून ऐटीत एका टोकाला बसला, आणि फळी कलंडून थेट चिखलात. उठला, पुन्हा बसला, पुन्हा पडला. सूर्य पाण्याला टेकत आला होता. दूत गालात हसत आपल्या राजाचा झेंडा उलगडायला लागला.

गर्दीत थोरा नावाची म्हातारी कोळीण होती. जाळ्यांवरून आयव्हरला सगळ्यात जास्त शिव्या तिनेच घातलेल्या. तो झेंडा बघून तिने टोपली खाली ठेवली आणि जाऊन दुसऱ्या टोकाला बसली. फळी सरळ झाली.

आयव्हर हळूच म्हणाला, "थोराआजी, उपकार झाले."

"उपकार कसले? पुन्हा माझी जाळी तुडवलीस तर मी उठले म्हणून समज."

हे ऐकून टेकडी आणि किनारा पहिल्यांदा एकत्र हसले असं सांगतात. दूताने मुकाट्याने झेंडा गुंडाळला. त्या दिवशी मटण आणि मासळी शेजारीशेजारी शिजली, लोक पाय दुखेपर्यंत नाचले. पुढे सुतार बाक दुरुस्त करायला आला, तर आयव्हरनेच त्याला परत पाठवलं.

आजही इथे राज्याभिषेक असाच होतो. एका टोकाला राजा, दुसऱ्या टोकाला कोळीवाड्यातली म्हातारी. मुकुट चढला की ती मुद्दाम जराशी उठते, राजा डगमगतो आणि लोक शिट्ट्या मारतात. आत्ताच्या राणीच्या वेळी तिथे माझ्या सासूबाई होत्या. मी विचारलं, किती उठलात हो? म्हणाल्या, "तिला माझं तोंड जन्मभर आठवेल, एवढी."

या आता खाडिलकरकाका, बसा या टोकाला. त्या टोकाला काकू बसतील. त्यांच्याशी जरा गोड बोला.